गोडंबीच्या वाट्या

माघ शुद्ध ५, शके १७८६. अमरावती.

खुशालराव पाटलांकडे आचारी म्हणून लागल्याला आज पाच महिने पुरे झाले, म्हणून ही कोरी वही उघडली. या गावात मन मोकळे करावे असे माणूस भेटत नाही. माणसे वाईट नाहीत, पण बोलणे असे की ऐकणाऱ्याने उंबऱ्यावरूनच मागे फिरावे. आमच्या वाईला शिवीसुद्धा पाटावर बसवून, पाणी विचारून देतात.

पाटलीणबाई, मैनाबाई, माझ्याशी बोलतात तेव्हा मला वाटते, मी काहीतरी चोरताना सापडलो आहे. पहिल्याच दिवशी मी आमटी केली तर म्हणाल्या, "म्हाराज, वरनात गूळ काहून टाकला? कोनाचं बारसं हाय का?" तेव्हापासून त्या माझ्यावर नजर ठेवून आहेत. त्यांना मी नकोसा झालो आहे, हे सांगायला ज्योतिषी नको.

कापसाचा भाव आकाशाला भिडला आणि पाटलांच्या ओसरीवर रोज दहा जातींचे दहा पाहुणे येऊ लागले. सगळ्यांना चालेल असा हात म्हणून मला ठेवले. पण नोकरी अजून कच्चीच. मागच्या अंगणातली खोली रिकामी आहे, ती मागितली तर पाटील म्हणाले, "शिवरातीपावतर पाहू. जमलं तं खोली तुमची, बायकोले आणा. नाई जमलं तं तुमी मोकळे, आमी मोकळे."

रमा दोन वर्षे तिच्या भावाकडे आहे. ती तक्रार करत नाही. भावाच्या पत्रात खाली तिची म्हणून एकच ओळ असते: "मी खुशाल आहे." ती ओळ वाचली की मला घास जात नाही.

माघ शुद्ध ६.

काल लिहायचे राहिले. बाजारात कापसाच्या साहेबाच्या टांग्याचे चाक मोडले, तेव्हा पाटलांनी आपली दमणी, बैलांसकट, त्याच्या दिमतीला दिली. त्याची फेड म्हणून मडमेने काल एक निळ्या फुलांची बशी भरून खाऊ पाठवला. बंगल्यावरचा शिपाई सूर्यभान घेऊन आला. तळहातात मावतील अशा बारा वाट्या, पण वाटीच खायची. पिठाची, भाजलेली, आणि तिच्यात फळाचा लाल मुरंबा. सूर्यभान म्हणाला, "याले टार्ट म्हन्तेत."

मी लांबून पाहिले. त्यात अंडे असणार, चरबी असणार, मला वासही नको. पाटलांनी चार खाल्ल्या आणि मिशा पुसल्या.

आता तंटा बशीचा. आपल्याकडे कुणाचे भांडे रिकामे परत जात नाही, हे वाईलाही आहे आणि इथेही. मैनाबाई म्हणाल्या, तिळाचे लाडू घाला आणि द्या पाठवून. पण पाटलांच्या डोक्यात कापूस चढला आहे. "साहेबानं जे धाडलं थेच आपल्या घरून गेलं पायजे. अन् त्याच्याहून चांगलं. म्हाराज, द्वादशीले साहेब अन् मडम अकोल्याले चालले. त्याच्या आधी बशी भरून द्या. एवढं केलं तं खोलीची गोठ पक्की समजा."

जी वस्तू चाखायची नाही ती हुबेहूब करायची! मी हो म्हणालो. रमेची ओळ डोळ्यांपुढे होती, दुसरे काय म्हणणार.

माघ शुद्ध ८.

चव कशी होती म्हणून पाटलांना विचारले. "मस्त होती." मस्त म्हणजे कशी? "म्हंजे लयच मस्त." या ज्ञानावर मी काय भाजू?

मैनाबाई चुलीपाशी बसून भाकरी थापत होत्या. न विचारता, मान वर न करता म्हणाल्या, "पिठात बदामाची पूड होती. मीठ चिमटीभर. लोनी गार घातलं असन, म्हनून पापुद्रा तुटून राहिला होता. फळ आंबट, साखर वरून." एकच वाटी खाल्ली होती त्यांनी. बाईच्या जिभेला इतके कळते आणि तीच जीभ बोलताना काय होते, देव जाणे.

अर्थात हे सगळे मला ठाऊक होतेच. मोहन गार हवे हे करंजीच्या साट्यावरून कोणीही सांगेल. तरी लिहून ठेवले.

माघ शुद्ध ९.

पहिला घाणा वाया. पितळी वाट्यांना तूप लावून आत पीठ दाबले, मोठ्या पातेल्यात तळाशी वाळू पसरली, वाट्या मांडल्या, झाकणावर निखारे. नानखटाई अशीच भाजतात. पण कडा वितळून तळाशी बसल्या आणि तळ कच्चा राहिला. दुसऱ्या वेळी लोणी रात्रभर माठाखाली ओल्या फडक्यात ठेवले, पीठ हाताने न मळता बोटांच्या टोकांनी चोळले, खालचे निखारे वाढवले, वरचे कमी केले. उभ्या राहिल्या! वाटीतून सुटताना आवाजसुद्धा झाला, टक्क. मी एकटाच हसलो.

फळाचा प्रश्न शिवरात्रीनेच सोडवला. बाजारात कवठांचे ढीग आहेत. कवठाचा गर, गूळ, किंचित जिरे, आटवून चकचकीत केला. मडमेचा लाल मुरंबा यापुढे पाणी भरेल.

उरला बदाम. इथे मिळतो तो जुना आणि खवट. मैनाबाईंच्या कोठीत एका मडक्यात पांढऱ्याशुभ्र बिया दिसल्या. एक तोंडात टाकली. काय चव! बदामाहून गोड, चारोळीहून भरीव. विचारले तर म्हणाल्या, "गोडंबी. बिब्ब्याच्या आतली." बिब्बा आमच्याकडे औषधाला आणि धोब्याच्या खुणेला, त्याच्या पोटात हे रत्न असते हे मला चाळिसाव्या वर्षी कळले. मूठभरच होती, बारा वाट्यांना कशी पुरायची?

माघ शुद्ध ११.

आज मनाला फार लागले आहे.

मेळघाटाकडून आलेली एक बाई दारावर टोपलीभर बिब्बे घेऊन आली. मी घ्यायला गेलो तर मैनाबाई धावतच बाहेर आल्या आणि सगळ्यांसमोर ओरडल्या, "हात नोका लावू! सांगून ठेवते, म्हाराज, त्याले हात नोका लावू!" जणू मी त्यांच्या माहेरचे दागिने उचलतो आहे. कोठीची किल्ली कमरेला लावून फिरणाऱ्या बायांना दुसऱ्याने एक दाणा उचललेला सहन होत नाही. मी पाठ फिरवून आत आलो.

पण उद्या द्वादशी. दुपारी मैनाबाई वावरात गेल्या तेव्हा मी त्या बाईला मागच्या गल्लीत गाठून पायलीभर बिब्बे घेतले. खोलीच्या पायरीवर बसून दगडाने फोडले. काळा चिकट रस निघतो, हात डांबरासारखे झाले. एकादशीचा उपास, पोटात काही नाही, डोक्यावर ऊन, पण खोलीच्या बंद दाराकडे पाहत फोडत राहिलो. संध्याकाळपर्यंत निम्मे फोडून दोन वाट्या गोडंबी निघाली, उरलेले बिब्बे पायरीवरच ठेवले. जरा डागाळलेली, पण ताजी. वर ठेवायला बारा अखंड बाजूला काढल्या, बाकीचे पाट्यावर कूट वाटून सगळे परातीत झाकून ठेवले. हात मातीने घासले तरी काळे निघेनात.

मैनाबाई आल्या. माझ्या हातांकडे पाहिले, पाट्याकडे पाहिले. मला वाटले आता आकाश कोसळणार. पण त्या कमरेची किल्ली काढून सरळ कोठीत शिरल्या. ते अधिक झोंबले.

माघ शुद्ध १२.

बशी गेली!

पहाटे स्नान करून आलो तर मैनाबाई अंगणात पाटा राखेने घासत होत्या. एकदा नव्हे, तीनदा. मी ब्राह्मण, माझ्या हातचा पाटा ही बाई राखेने शुद्ध करते आहे! अपमान गिळला. आज भांडण नको.

परातीवरचे फडके काढले तर कूट काल होते त्याहून पांढरे आणि मोकळे दिसले. रात्रीच्या गारठ्याने रंग उजळतो, हे ध्यानात ठेवावे. वासही छान खमंग सुटला होता, जणू दाणे आधी कोणी हलके भाजून घेतले होते. मालच चांगला.

बारा वाट्या साधल्या, एकही मोडली नाही. कवठाचा गर भरला, वर एकेक गोडंबी ठेवली. पाटलांनी बशी दोन्ही हातांनी उचलली आणि नुसते पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हाराज, तुमी तं जादूगार हाये जी!" सूर्यभान बशी घेऊन गेला; साहेब-मडम दुपारीच अकोल्याच्या वाटेला लागणार, वाटेतली न्याहारी म्हणून वाट्या बरोबर नेणार.

मागच्या अंगणात कडुलिंबाखाली माती ताजी उकरलेली दिसली. मांजरांचा उपद्रव फार आहे; पायरीवरचे उरलेले बिब्बेही त्यांनीच पांगवले असतील, एक दिसत नाही. आज रमेला पत्र लिहावे असे फार वाटले, पण शब्द पक्का होईपर्यंत थांबतो.

माघ शुद्ध १३.

हात खाजतात. कवठाच्या चिकाने असेल.

माघ शुद्ध १४.

लेखणी धरवत नाही, तरी लिहितो, कारण बोलायचे कुणाशी. दोन्ही हातांवर फोड आले आहेत. डावा डोळा सुजून बंद झाला, ओठ वडे झाले. सकाळी पाटलांनी मला पाहिले आणि दोन पावले मागे सरले. मैनाबाई आल्या, हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवले आणि म्हणाल्या, "उतला. बिब्बा उतला. म्या म्हटलं होतं ना, हात नोका लावू! फोडनाऱ्या बाया हाताले तेल अन् राख चोपडून बसतेत, तेबी तोंडाले हात न लावता. तुमाले सांगाले गेलं तं तुमी फुगून बसले."

तेव्हा ते ओरडणे यासाठी होते.

त्यांनी तीळ आणि खोबरे वाटून लेप दिला. गार वाटले. पण त्याच क्षणी दुसरी गोष्ट डोक्यात शिरली. रस नुसता हाताला लागला तर माझी ही गत. ती डागाळलेली गोडंबी साहेबाच्या पोटात गेली आहे. मडमेच्या ओठांना लागली आहे. आणि वर शोभेला एकेक अखंड!

माघ पौर्णिमा.

बडनेऱ्याकडून आलेला एक दलाल ओसरीवर बसून सांगत होता, मूर्तिजापूरच्या मुक्कामावर साहेबाला पाहिले, गालाला फडके बांधलेले, तोंड सुजून भोपळा, कुणाशी बोलत नाही. मी खांबाआड उभा होतो. खांब होता म्हणून उभा होतो.

साहेबावर विषप्रयोग. मला धरून नेतील. पाटलांनाही सोडणार नाहीत, त्यांच्याच घरून बशी गेली. आणि रमा? तिला भाऊ घराबाहेर काढील. निदान कैद्याची बायको म्हणून तिला रोज ऐकवले जाईल, आणि ती पुन्हा लिहील की मी खुशाल आहे.

माझे दोन धोतरपंचे आणि पोथी बोचक्यात बांधली. पळून गेलो तर पाटील तरी सांगू शकतील की आचाऱ्याचे काम, आमचे नाही.

बोचके घेऊन मागच्या दाराने निघालो तर दारात मैनाबाई. आता लपवण्यासारखे काही नव्हते, सगळे सांगून टाकले. सांगताना रडलो. चाळिशीचा बाप्या, फुगलेल्या तोंडाने रडतो आहे, काय दृश्य असेल! त्या हसल्या नाहीत. बोचके हातातून घेतले आणि म्हणाल्या, "साहेबाले काई नाई झालं. माह्यावर भरोसा ठेवा."

"पण तोंड सुजले आहे त्याचे!"

"सुजू द्या. त्या वाट्यानं नाई सुजलं. जा, लेप लावून पडा. शिवरातीले कवठाची बर्फी कोन करन, मी करू का?"

इतक्या खात्रीने बोलतात, जणू देवाने येऊन कानात सांगितले आहे. अडाणी माणसाला ही एक सोय असते. तरी का कोण जाणे, मी गेलो आणि पडलो. त्यांच्याही दोन बोटांना चिंध्या बांधलेल्या दिसल्या. कापूस वेचताना बोंडाची टोके लागली असणार. पाटलीण झाल्या तरी वावरात बायांबरोबर वाकतात.

माघ वद्य ३.

सुटलो! सुटलो, सुटलो, सुटलो.

सूर्यभान अकोल्याहून परत आला. त्याला पाहताच मी देवघरात शिरून दार लावले होते. पाटलांनी हाका मारमारून बाहेर काढले. सूर्यभान म्हणाला, "साहेबाची दाढ किडली होती. महिना झाला ठनकून राहिली होती. अकोल्याले रुळाच्या कामावरचा डाक्टर भेटला, त्यानं उपटली. साहेब बोंबलला तं बैल उधळले!"

मी विचारले, "आणि वाट्या?"

"वाट्या? दुखऱ्या दाढेनं सात खाल्ल्या त्यानं. मडमेनं चार. एक मले भेटली. काय चीज होती जी, म्हाराज!"

मी उजेडात त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. सूर्यभानाचे तोंड पुन्हा पुन्हा निरखले. ओठ जसेच्या तसे, काळे आणि हसरे. पाटलांना माझे काय चालले आहे ते कळेना. "म्हाराज पागल झाले का काय?" मैनाबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "उपास लय करतेत, दुसरं काई नाई."

बशी मडमेने परत पाठवली, रिकामी नव्हे. तिच्यात खडीसाखर, आणि ती कृती विचारते आहे. माझी कृती!

विचार करून आता मला कळले. अग्नीने सर्व दोष जळतात. वरचे निखारे मी मोजून ठेवले होते, त्या आचेत बिब्ब्याचा रस उडून गेला असणार. शिवाय एकादशीचे पुण्य. तरी पुन्हा जन्मात बिब्ब्याला हात लावणार नाही. मैनाबाईंना हे शास्त्र समजावून सांगितले. त्या पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. "व्हय म्हाराज," एवढेच म्हणाल्या, आणि लगबगीने आत गेल्या. त्यांना खोकला झाला असावा.

माघ वद्य १४. महाशिवरात्र.

कवठाची बर्फी झाली. संध्याकाळी पाटलांनी मागच्या खोलीच्या कुलपाची किल्ली माझ्या हातात ठेवली. हाताची कातडी अजून निघते आहे, पण किल्ली नीट धरता आली.

"पत्र टाका बायकोले," पाटील म्हणाले.

मी म्हणालो, "आज लिहितो."

मैनाबाई म्हणाल्या, "लिहून वाट काहून पाहाची? दमणी रुळापावतर धाडा. बाईमानूस, गाडीतून उतरल्यावर कोनाले इचारन?" पाटलांनी लगेच होकार दिला.

त्यांना मी नकोसा झालो असे मी या वहीत लिहिले आहे. ती पाने फाडावीत असे वाटते. पण कागद महाग आहे, राहू दे. पुढे कधी वाचीन तेव्हा लाज वाटेल, तीही असावी.

फाल्गुन वद्य ८.

रमा आली.

यात्रेहून परतणाऱ्या लोकांच्या सोबतीने आगगाडी जिथवर येते तिथवर, पुढे पाटलांच्या दमणीत चार दिवस. भाऊ पोचवायला आला नाही. दमणीतून उतरली तर मला प्रथम ती ओळखू येईना. किती वाळली आहे. मी काही छानसे बोलायचे ठरवले होते. तोंडातून निघाले, "ऊन फार आहे ना?" ती म्हणाली, "आहे." झाले. दोन वर्षांचे बोलणे.

मग मैनाबाई तिला घेऊन गेल्या, खोलीत झाडलोट दाखवायला. बराच वेळ दोघी आत होत्या. आधी मैनाबाईंचा आवाज येत होता, अगदी हळू. मग एकाएकी दोघी खदखदून हसल्या. रमेचे हसणे मी विसरलो होतो. बाहेर आल्यावर विचारले, काय झाले हसायला? रमा माझ्या हातांकडे पाहते आणि पुन्हा ओठ आवळते. बायकांचे काहीतरी असेल.

दुपारी वाट्या केल्या, तिच्यासाठी म्हणून. मैनाबाईंनी कोठीतली गोडंबी स्वतः निवडून, भाजून दिली. कवठे संपत आली, चार मिळाली. रमेला पाटावर बसवले, पानावर एक वाटी ठेवली, बाकीची ताटली शेजारी. तिने खाल्ली, सावकाश, तळाचा चुरासुद्धा बोटाने टिपला. मग हात मागे घेऊन बसली. मी म्हणालो, घे की. ती म्हणाली, "पुरे मला. तुम्हाला राहू द्या."

दारातून मैनाबाई ओरडल्या. त्यांचे बोलणे म्हणजे ओरडणेच, आता मला सवय झाली आहे. "काय म्हन्ते, पुरे? आमच्या घरी एकावर कोनी उठत नाई, बाई! उचल!"

रमा दचकली. माझ्याकडे पाहिले. मी ताटली तिच्याकडे सरकवली. तिने दुसरी घेतली. खाता खाता म्हणाली, भावाकडे पहिल्या दिवशी दुसरी पोळी घेतली तेव्हा वहिनीने डब्यातल्या पोळ्या मोठ्याने मोजल्या होत्या. तेव्हापासून घेतली नाही. साधेपणाने सांगितले, रडली नाही.

पाणी आणण्याच्या निमित्ताने उठलो, माठापाशी उभा राहिलो, डोळे पुसले. परत आलो तर ताटलीत दोनच वाट्या उरल्या होत्या, आणि रमा तिसरी खात होती, कोणालाही न विचारता.